मिठाच्या कणाहून कमी

२७ ऑगस्ट २०१८

निवृत्त होताना खात्याच्या दोन कोऱ्या दौरा-डायऱ्या घरी आणल्या होत्या. दहा वर्षं कपाटात पडून होत्या, आज एक काढली. छापील रकाने तेच. मुक्काम: हर्सूल. हवामान: ढगाळ. केलेले काम: काही नाही, कॅन्सर असल्याचं कळलं.

प्रोस्टेट नावाची ग्रंथी पुरुषाच्या मूत्राशयाखाली असते, चांगली असली तर आक्रोडाएवढी. माझ्या ग्रंथीचे बारा तुकडे तपासले, पाचांत रोग निघाला. डॉ. राहत म्हणाले, रोग अजून ग्रंथीच्या बाहेर पडलेला नाही, अख्खी ग्रंथी काढली तर बरे होण्याची चांगली शक्यता आहे. मी विचारलं, काढल्यावर माणूस कसा राहतो? ते म्हणाले, जसा होता तसाच राहतो.

हे उत्तर मी स्वतः एकोणतीस वर्षं शेतकऱ्यांना देत आलो आहे. गंगापूर तालुक्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो आणि गोऱ्हे खच्ची करणं हे माझं मुख्य काम. लोखंडी चिमटा, दोन मिनिटं, रक्ताचा थेंब नाही. अकरा हजारांच्या वर केले. शेतकरी विचारायचा, साहेब, जनावर बिघडनार तर नाय ना? मी सांगायचो, होतं तसंच राहील. आणि तीन-चार महिन्यांत गळ्याचा घेर उतरायचा, वशिंड बसायचं, डुरकणं बंद व्हायचं. खुरानं माती उकरणारा गोऱ्हा लहान पोरीच्या हाताला मुकाट चालायला लागायचा.

घरी आल्यावर द्वारकानं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. तुला काय करायचंय म्हणून मी चहाचा कप लांब सारला. चहा गारही होता. माझं रक्त पहिल्यापासून गरम, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

३० ऑगस्ट

ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं. डॉक्टरांना फोनवर तसं सांगितलं. मुलगा बन्सी पुण्याहून रोज फोन करतो, त्यालाही झापलं. एका मासिकात या ग्रंथीला पौरुषग्रंथी म्हटलेलं वाचलं. नावातच सगळं आलं. ती काढल्यावर मागे काय उरणार हे मला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

सदुसष्ट वर्षं झाली. औताडे साहेब आले म्हटलं की दवाखान्यातला शिपाई विडी विझवायचा. तसंच जावं, असं वाटतं.

९ सप्टेंबर, पोळा

गंगापूरजवळ पुतण्या कडूबाकडे गेलो होतो. त्याच्या गोठ्यात एक थकलेला पांढरा बैल आहे. निवृत्तीच्या आदल्या साली मीच खच्ची केलेला. शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, गळ्यात माळ, आणि डोळे अर्धवट मिटून उभा. कडूबा म्हणाला, लई गुणाचा हाय बघा काका, कधी शिंग उगारलं नाय. मी त्याच्या वशिंडावरून हात फिरवला. ढिलं, एका बाजूला कललेलं. खरं सांगायचं तर मला रडू आलं आणि ते बैलासाठी नव्हतं.

परत येताना जीपमध्ये द्वारकाला सगळं सांगून टाकलं. शेजारी माणसं होती म्हणून हळू बोललो. मी बैल होणार, म्हणालो. ती खिडकीबाहेर ऊस बघत होती. मग म्हणाली, "बैल झालात तरी चालंल मला. पन जित्ते असा."

चालंल म्हणजे काय? बायकांना या गोष्टी कळत नाहीत. पण तिचा हात सारखा पदराच्या टोकाशी चाळा करत होता. घरी पोचल्यावर डॉक्टरांना फोन लावला. करू म्हणालो. एकच अट घातली. आधी माझ्या रक्तातला पुरुषी हार्मोन मोजा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. कामाआधी माप घ्यायचं, ही आमच्या खात्याची शिस्त. डॉक्टर हसले, पण हो म्हणाले.

१४ सप्टेंबर

सकाळी आठला रक्त दिलं. हे हार्मोन सकाळी जास्त असतं, म्हणून ठरलेल्या वेळी. दोन वेगवेगळ्या दिवशी घेणार, कारण रोज थोडं वर-खाली होतं.

बाकावर शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं नाव घेतलं. पाचोडच्या बैलबाजारातला व्यापारी निजामुद्दीन. माझ्या हातचे शेकडो बैल त्यानं विकले असतील. त्यालाही हाच रोग, पण हाडापर्यंत गेलेला. त्यामुळे ऑपरेशन नाही, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. ते इंजेक्शन म्हणे हार्मोनच बंद करतं, कारण रोग त्यावरच पोसतो.

मला विचारायचं होतं, पण हॉल बायाबापड्यांनी भरलेला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, चारचौघांत, तोंडातून आकडा न काढता. त्यानं चार बोटं दाबली. "शेकडा," हळूच म्हणाला. "ये पयले का." मग दोन बोटं दाबली. "धा-धाचे. ये आत्ताचं."

चारशेवरून वीस. हा माणूस पूर्ण बैल झालेला होता.

तेवढ्यात खिडकीवरच्या माणसानं एका म्हातारीचा नंबर गाळून पुढच्याला बोलावलं. निजामुद्दीन उठला. असा कडाडला की सगळा हॉल चूप. म्हातारी आत गेली तेव्हाच तो खाली बसला आणि घाम पुसायला लागला. वीसवाला माणूस. हे गणित काही बसत नाही.

१८ सप्टेंबर

माझा आकडा आला, ३४२. वयाच्या मानानं ठीक आहे म्हणतात. मी विचारलं, तीनशे बेचाळीस काय? लिटर, ग्रॅम, काय? तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीतच बसून राहिलो. म्हणाले, तुमच्या सगळ्या रक्तातलं हे हार्मोन गोळा करून वजन केलं तर मिठाच्या एका कणाएवढंही भरणार नाही.

मिठाचा कण. द्वारकाच्या डब्यातून चिमूटभर मीठ आणलं, एक कण कागदावर ठेवला आणि भिंगातून बघत बसलो. याच्याहून कमी. आणि तेवढ्यावर दाढी, आवाज, खांदे. गोऱ्ह्याचं वशिंड तेवढ्यावरच उभं राहत असणार. अकरा हजार जनावरांचं मी काय बंद करत होतो ते आज पहिल्यांदा दिसलं.

डॉक्टरांनी चित्रही काढून दिलं. हार्मोन प्रोस्टेटमध्ये तयार होतच नाही. ते होतं वृषणात, आणि त्यांना हात लागणार नाही. वर मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिथून हुकूम येतो. रक्तात हार्मोन कमी झालं की ती हुकूम वाढवते, जास्त झालं की आवरतं घेते, टाकीतल्या फ्लोटसारखं. प्रोस्टेट या सगळ्यात फक्त घेणारी. मी विचारलं, घेणारीच गेली तर वाटाण्याला कळतं का? डॉक्टर म्हणाले, चांगला प्रश्न आहे. काही लोकांत ग्रंथी काढल्यावर हुकूम थोडा वाढलेला दिसतो, काहींत काहीच फरक नाही. का, ते अजून कुणाला नक्की माहीत नाही.

कुणालाच माहीत नाही, हे ऐकून का कोण जाणे, मला बरं वाटलं. तरी विश्वास पूर्ण बसला नाही. घरी येऊन टेपनं गळा मोजला. साडेअडतीस सेंटिमीटर. नोंद केली.

२४ सप्टेंबर

उद्या ऑपरेशन. द्वारकानं पिशवी भरली, त्यात माझा दाढीचा डबा आठवणीनं ठेवला. मी म्हणालो, आता लागेल की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, लागंल.

२९ सप्टेंबर

पोटावर पाच लहान भोकं, दुर्बिणीतून ग्रंथी काढली. लघवीची नळी लावलेली, ती दोन आठवडे. डॉक्टर म्हणाले, सगळं मनासारखं झालं. जाग आल्यावर मी पहिल्यांदा बोलून बघितलं. आवाज होता तोच होता. पण गोऱ्ह्याचाही पहिल्या आठवड्यात असतोच.

९ ऑक्टोबर

नळी काढली. आता थांबवता येत नाही. उठलो की गळतं, शिंकलो की गळतं. लहान मुलांसारखा लंगोट. डॉक्टरांनी आवळण्याचा व्यायाम दिला आहे, तो दिवसातून तीनदा. काही महिन्यांत सुधारेल म्हणतात. नवरा-बायकोतलं बाकीचं जे आहे, तेही सध्या नाही. तो हार्मोनचा नव्हे, नसांचा प्रश्न. ग्रंथीला चिकटून जाणाऱ्या नसा वाचवल्या तरी वर्षभर सुस्त राहतात. डॉक्टर बोलले सरळ, मी मात्र जमिनीकडे बघत होतो.

दुपारी आतल्या खोलीत पडलो होतो. कुणीतरी गात होतं. जात्यावरचं काहीतरी जुनं, बारीक आवाजात, पण सूर इतका सरळ की मी श्वास धरून ऐकलं. शेजारच्या आवडाबाई असतील असं वाटलं. भिंतीला धरून उठलो, अनवाणी स्वयंपाकघरापर्यंत गेलो. द्वारका होती. भाजी निवडत गात होती. मला बघितलं आणि थांबली.

त्रेचाळीस वर्षं. या बाईला गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

२ नोव्हेंबर

भाजी खारट होती. मी खाल्ली. ताट उचलताना तिनं शिल्लक रस्सा चाखला आणि माझ्याकडे बघतच राहिली. काय झालं, विचारलं तर काही नाही म्हणाली.

नोंद करण्यासारखी गोष्ट ही की मला राग आलाच नाही. येऊन गिळला असं नाही. वाट बघितली, तरी आला नाही. सव्वा महिना झाला. गोऱ्ह्याचंही साधारण याच सुमाराला सुरू होतं.

१९ नोव्हेंबर

लंगोट बदलायला द्वारका मदत करते. आधी मी तोंड भिंतीकडे करायचो, आता करत नाही. आज तिनं वाळलेल्या पट्ट्या घड्या घालता घालता विचारलं, तुमच्या त्या करकर वाजणाऱ्या चपला कुठायत? म्हटलं, बाहेर आहेत, का? ती म्हणाली, "तुमी नोकरीत असताना गेटपास्नं चपला ऐकायचे मी. आवाजावरून कळायचं, आज दिस कसा जानार ते. मंग गानं बंद करायचे."

सहज म्हणाली, तक्रार म्हणून नव्हे. घड्या पुऱ्या करून उठून गेली.

पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, मग काय, घरात शिस्त नको? आज काही बोललो नाही. बोलण्याची ताकदच गेली आहे. लक्षणं स्पष्ट आहेत.

१० डिसेंबर

गळा सदतीस सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरनं उतरला. द्वारका म्हणाली, सात किलो वजन गेलंय, गळा तेवढा राहील व्हय? पण ती बाई माणूस, तिला वशिंडाचं काय माहीत.

गळती मात्र कमी आहे. पहिली तपासणी झाली, रोगाचा आकडा जवळजवळ शून्य. देवापुढे दिवा लावला. जगणार, हे कळल्यावर अंगणात जाऊन नुसता उभा राहिलो. हर्सूल तलावाकडून बगळ्यांची रांग येत होती. असल्या गोष्टी मी कधी बघत नव्हतो.

२१ जानेवारी २०१९

बन्सी नातीला घेऊन आला होता. तिनं माझं भिंग फरशीवर टाकलं, तडा गेला. बन्सीचा चेहरा पांढरा पडला. तो पोरीला पाठीमागे ओढायला लागला. मी म्हणालो, असू दे, तड्यातून दोन दोन दिसतात, बघ. पोरगी दोन दोन बोटं बघून हसली. बन्सी माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तसा बघत होता. निघताना त्यानं पाया पडल्यावर पहिल्यांदाच माझा हात थोडा वेळ धरून ठेवला.

मला आता खात्री आहे. हातानं खच्ची केलेली हजारो जनावरं पाहिली, हे बदल ओळखता येतात. नवल एवढंच की दुःख वाटायला हवं तेवढं वाटत नाही. त्या पांढऱ्या बैलालाही वाटत नसेल.

२६ मार्च

सहा महिने झाले. सकाळी आठला रक्त दिलं होतं, तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा. आज डॉ. राहत यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. आधी ३४२. आता ३९८.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हटलं, नमुने बदलले असतील. ते म्हणाले, दोन्ही वेळा जवळपास हेच आलं. वरून येणाऱ्या हुकमाचा आकडाही थोडा वाढलेला. म्हणाले, यातून फार अर्थ काढू नका, रक्तातलं हार्मोन थोडं वर-खाली होतच असतं. पण कमी झालेलं नाही, एवढं नक्की.

म्हणजे त्या वाटाण्याला कळलं. खाली काहीतरी नाहीसं झालं, हे अंधारात बसून त्यानं ओळखलं असेल आणि हुकूम थोडा वाढवला असेल. मला न विचारता, मी भीत बसलो असताना. किंवा तसंही नसेल. कागद हातात धरून मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं.

बाहेर निजामुद्दीन बसला होता, फार वाळलेला. मी माझा रुमाल त्याच्या हातावर टाकला. तीन बोटं दाबली, आधीची. मग चार. तो म्हणाला, मुबारक. मी म्हणालो, मुबारक कसलं? सहा महिन्यांत मी एकदा ओरडलो नाही, नातीनं भिंग फोडलं तरी नाही, गाणं ऐकून डोळे भरतात. हे बैलाचं लक्षण नाही तर काय? तो माझा हात सोडेना.

"औताडेसाहेब," तो म्हणाला, "माझ्यात तर कायबी शिल्लक नाय. तरी बायको म्हन्ती, तुमची जीभ कवा थांबनार. आपन जनावराचे दात बघून वय सांगतो. मानसाचं तसं नस्तंय."

रिक्षात सगळी वाट मी हिशेब जुळवत आलो. एकच उत्तर येत होतं. चप्पल वाजवत येणारा तो माणूस ३४२ वर ओरडत होता, आणि मी ३९८ वर खारट भाजी खातो आहे. म्हणजे ओरडणारं रक्त नव्हतं. त्रेचाळीस वर्षं मी ज्याच्यावर ढकललं ते तर मिठाच्या कणाहून कमी. मग ओरडत कोण होतं?

घरी आल्यावर द्वारकाला म्हणालो, आनंदाची बातमी आहे. कमी काहीच झालेलं नाही, उलट पहिल्यापेक्षा थोडं जास्तच आहे. मला वाटलं ती हसेल. तिच्या हातातली वाटी तिनं सावकाश खाली ठेवली.

"म्हंजी," ती म्हणाली, "आता परत पयल्यासारखं व्हनार का तुमी?"

मी घाबरलो नाही, ती घाबरली होती, आणि तिच्या भीतीला कारण मी होतो. शरम वाटली. रोगाचं कळलं त्या दिवशीही इतका हललो नव्हतो.

६ एप्रिल, पाडवा

मुक्काम: हर्सूल. हवामान: ऊन.

दहा दिवस द्वारका पुन्हा गायली नाही. मीही काही बोललो नाही, शब्द देऊन काय होणार? रोज फक्त ताट घेऊन तिच्याजवळ बसलो. परवा चहा गार झाला होता, तो प्यालो. ती बघत होती, हे मला माहीत होतं.

आज गुढीला साखरेच्या गाठी आणायला गेलो. किती दिवसांनी त्याच जुन्या चपला घातल्या, नवा जोड बाहेर उन्हात तापला होता. गेट उघडलं. गेटपासून दारापर्यंत अकरा पावलं आहेत. तिसऱ्या पावलाला आतून तिचा आवाज आला, तेच जात्यावरचं. माझे पाय थबकले. चपला काढाव्यात असं वाटलं, पण नाही काढल्या. तसाच चालत राहिलो, करकर वाजवत. सात, आठ, नऊ. आवाज तिला ऐकू जात होता, न जाऊन कसं चालेल.

दहा, अकरा.

ती थांबली नाही.

केलेले काम: गाठी हातात धरून दाराबाहेर उभा राहिलो. तिचं गाणं शेवटपर्यंत ऐकलं.